सभा संपल्यानंतरची सकाळ

संजीवन सभांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा विश्वास नव्याने जागा करायच्या सभांमध्ये, उपदेश करत मी २१ वर्षं फिरलो. त्यातल्या पहिल्या १२ वर्षांत सभा संपल्यानंतरची सकाळ मी त्या ठिकाणी एकदाही काढली नाही. शेवटच्या रात्री ‘ख्रिस्ताला स्वीकारायचं असेल तर पुढे या’ असं आमंत्रण द्यायचं, पुढे आलेल्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, पाळकसाहेबांचा निरोप घ्यायचा आणि रात्रीचीच गाडी पकडायची. दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सभा असायची. अंग दुखायचं, पण त्या दुखण्यातही समाधान होतं. प्रभू पाठवतो तिथे जातोय, मग आणखी काय हवं, असंच वाटायचं.

वर्षाला दोन-तीन तरुण तरी मला विचारतात, ‘भाऊ, या सेवेत कसं यायचं?’ त्यांना मी हे सगळं सांगतो, म्हणून आता लिहून ठेवतोय.

बायबल कॉलेजात मी ३ वर्षं शिकलो. ग्रीकची तोंडओळख, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र हे सगळं तिथे मिळालं आणि ते आजही उपयोगी पडतं. पण फिरता उपदेशक घडतो तो दुसऱ्या उपदेशकाची बॅग उचलता उचलता. मी ज्यांची उचलली त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांच्याबरोबर मी ४ वर्षं होतो.

काका सभेच्या दोन तास आधी जागेवर हजर असायचे. माईकवर ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. ते एक स्तोत्र वाचायचे, आणि मी सगळ्यात मागे उभा राहून कुठला शब्द फुटतोय ते सांगायचं. सभा सुरू झाली की माझी जागा शेवटच्या रांगेत. रात्री मुक्कामावर ते विचारायचे, ‘मागची रांग केव्हा हलली?’ कोण कुठल्या वाक्याला खाली बघायला लागलं, लेकरू रडलं म्हणून बाहेर गेलेली आई परत आली का, पोरं कुजबुजायला कधी लागली, हे मला सांगावं लागायचं. पुढच्या रांगेतले विश्वासात आलेलेच असतात, ते कशालाही आमेन म्हणतात, असं काका म्हणायचे. ज्याच्यासाठी आपण आलो तो दाराजवळ बसतो, कारण त्याला उठून जायची सोय हवी असते. आजही मी व्यासपीठावर चढलो की आधी दाराजवळची माणसं बघतो.

माझा पहिला उपदेश ठरवून झाला नाही. एका संध्याकाळी काकांचा घसा बसला आणि ते म्हणाले, आज तू. लूकचा १५ वा अध्याय, उधळ्या पुत्राचा दाखला. पाऊण तासाचं टिपण १८ मिनिटांत संपलं. बाप लेकाच्या गळ्यात पडतो तिथवर मी आलो आणि पुढचं काही सुचेना. ‘बाप धावत गेला. एवढंच,’ असं म्हणून मी खाली बसलो. त्या रात्री तीन माणसं पुढे आली.

या सेवेविषयी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. फिरत्या उपदेशकाकडे उपदेश फार थोडे असतात. एका मंडळीच्या पाळकाला दर रविवारी नवं काहीतरी द्यावं लागतं, कारण ऐकणारे तेच असतात. आमचे ऐकणारे बदलतात, म्हणून उपदेश तेच राहतात. माझ्याकडे नीट बसलेले असे ११ होते, आणि त्यातलेही ५ मी खरोखर वापरायचो. यात लबाडी नाही. जॉर्ज व्हाइटफील्ड हा अठराव्या शतकातला इंग्लिश उपदेशक १३ वेळा अटलांटिक ओलांडून दोन्ही किनाऱ्यांवर उघड्यावर उपदेश करत फिरला. त्याला ऐकलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की नुसतं ऐकूनही व्हाइटफील्डचा ताजा उपदेश कुठला आणि पुष्कळदा दिलेला कुठला ते कळायचं. वारंवार देऊन त्यातला प्रत्येक चढउतार जागेवर बसलेला असायचा. फिरत्या उपदेशकाला एका जागी राहणाऱ्यापेक्षा हा फायदा असतो, असं फ्रँकलिनने नोंदवलं. तो स्वतः काही व्हाइटफील्डच्या विश्वासाचा नव्हता. फिलाडेल्फियाच्या रस्त्यात मागे मागे सरकत जाऊन त्याने आवाज कुठवर पोचतो तेही पाहिलं, आणि ३०,००० माणसांना ऐकू जाईल असा हिशेब मांडला. माईक नसलेल्या काळातली ही गोष्ट.

फायदा मलाही मिळाला. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे दोन श्वास थांबायचं, हे शरीराला पाठ झालं. माझी मुलगी १० वर्षांची असताना सुट्टीत माझ्याबरोबर आली आणि दोन ठिकाणच्या सभा तिने ओळीने ऐकल्या. दुसऱ्या ठिकाणी रात्री झोपताना म्हणाली, ‘बाबा, तुम्ही तिकडेपण याच वाक्याला रडला होतात.’ ती तक्रार करत नव्हती. तिला वाटत होतं की ते वाक्य मला दर वेळी दुखतं. माझ्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग होता तो. पहिल्या वर्षी ते वाक्य मला खरोखर दुखायचं. दुखायचं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही, कारण डोळे वेळेवर भरून यायचेच. तो उपदेश मी पुढे २ वर्षं दिला नाही. मग पुन्हा दिला तेव्हा त्यातून वडिलांचा प्रसंग काढून टाकला होता.

आमंत्रणाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी सभा तिकडेच चाललेली असते. हात वर करा, पुढे या, नाव लिहून द्या, या पद्धतीला इतिहास आहे. १८३० च्या सुमाराला चार्ल्स फिनी या अमेरिकन उपदेशकाने न्यूयॉर्क राज्यातल्या सभांमध्ये पुढची बाकं मोकळी ठेवली होती. ज्याच्या मनाला टोचणी लागली त्याने सगळ्यांदेखत उठून तिथे येऊन बसायचं. त्यावर तेव्हाही टीका झाली. नुसतं चालत येणं म्हणजे मन बदलणं का, हा तेव्हा विचारलेला प्रश्न मला आजही रास्त वाटतो. काका मात्र नेहमी ड्वाइट मूडी या अमेरिकन उपदेशकाची गोष्ट सांगायचे. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रविवारी मूडीने शिकागोतल्या श्रोत्यांना सांगितलं, ख्रिस्ताचं काय करायचं याचा आठवडाभर विचार करा आणि पुढच्या रविवारी या. त्याच रात्री शहराला ती मोठी आग लागली. ते श्रोते पुन्हा कधी एकत्र आले नाहीत, आणि मूडी ही आपली फार मोठी चूक मानत राहिला. ‘म्हणून आजच,’ काका म्हणायचे, ‘उद्या आपल्या हातात नाही.’

त्यांचं ते म्हणणं मी अजूनही मानतो. पण ‘आजच’ म्हणणारा माणूस उद्या तिथे असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

माझा एक अपराध इथे लिहितो. आम्ही सभांनंतर प्रार्थनापत्र काढायचो. ज्यांच्या मदतीवर सेवा चालायची त्यांना ते जायचं. एका सभेला ३५० खुर्च्या मांडल्या होत्या आणि मागच्या बऱ्याच रिकाम्या होत्या. मी लिहिलं, ‘सहाशेहून अधिक लोकांनी वचन ऐकलं.’ तीन रात्रींची बेरीज केली तर तेवढी भरते, असं मी स्वतःला समजावलं. तीच माणसं तिन्ही रात्री आली होती, हे मला माहीत होतं. अमेरिकन उपदेशक बिली ग्रॅहम आणि त्यांचे सोबती १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे बसले आणि फिरत्या सेवेचं वाटोळं कशाने होतं त्याचा त्यांनी विचार केला, तेव्हा चार गोष्टी निघाल्या: पैसा, परस्त्रीशी वागणूक, स्थानिक मंडळ्यांवर टीका आणि फुगवलेले आकडे. त्यातली चौथी वाचताना मला त्या ३५० खुर्च्या दिसल्या. पैशाच्या बाबतीत काकांनी चांगली सवय लावली होती. दान मंडळीतल्या दोघांनी मोजायचं, कागदावर दोघांच्या सह्या, आणि मी त्या खोलीतही जायचं नाही.

आता जे सांगायचं ते कठीण आहे.

एका सभेत ५२ वर्षांचे एक गृहस्थ प्रार्थनेला आले. उच्च रक्तदाब, बरीच वर्षं गोळ्या चालू. मी त्यांच्यावर हात ठेवला, मनापासून प्रार्थना केली आणि म्हणालो, ‘प्रभूने बरं केलंय यावर विश्वास ठेवा. आता मागे वळून बघू नका.’ गोळ्या बंद करा, असं मी म्हणालो नव्हतो. हे वाक्य मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला ऐकवत राहिलो. पण माझ्या शब्दांचा त्यांनी घेतलेला अर्थ अगदी सरळ होता. घरी जाऊन त्यांनी गोळ्या टाकून दिल्या. साडेचार महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं.

मला कळलं ते आणखी सहा महिन्यांनी. तेही तिथल्या पाळकांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला म्हणून. मधल्या काळात मी तीन ठिकाणी व्यासपीठावरून त्यांची साक्ष सांगितली होती, रक्तदाबाचे एक बंधू कसे बरे झाले याची. मी सांगत होतो तेव्हा ते अंथरुणावर होते.

मी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नीने दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते गृहस्थ बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, ‘भाऊ, माझा विश्वास कमी पडला का?’

मी म्हणालो, ‘नाही. माझं बोलणं चुकलं.’ दुसरं काही बोलायचा मला अधिकार नव्हता.

परतताना मी शास्त्रवचनं उघडली आणि इतकी वर्षं ज्यांच्यावरून नजर फिरवत गेलो ती पुन्हा वाचली. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात मागे ठेवलं. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले त्याचं हे वाक्य. त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. आणि आजाऱ्याने काय करावं हे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो: मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावं. वडील, म्हणजे तिथे राहणारी माणसं. ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घरी येतील, गोळ्यांची डबी रिकामी दिसली तर विचारतील. दूरच्या गावाहून आलेल्या उपदेशकाला बोलवा, असं त्यात कुठेही नाही.

त्याच वर्षी माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी ६ आठवडे मौन सांगितलं. सगळ्या तारखा रद्द झाल्या. घरात मी पाटीवर लिहून बोलायचो. पत्नीने एका दुपारी पाटी हातात घेतली आणि स्वतः लिहिलं, ‘अहो, थोडे दिवस नुसते इथे रहा.’ तिला बोलता येत होतं, तरी तिने लिहिलं.

त्या आठवड्यांत मी वाचत होतो. पौल आणि बर्णबा यांचं एक बोलणं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे: ज्या ज्या नगरांत आपण वचन सांगितलं तिथे परत जाऊन बंधू कसे आहेत ते पाहू. पुढे या दोघांचं कोणाला बरोबर न्यायचं यावरून भांडण झालं, आणि आम्ही उपदेश देतो तो बहुतेक त्या भांडणावर. आधीच्या वाक्यावर मी कधी बोललो नव्हतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने मात्र ते वाक्य जगून दाखवलं होतं. १७३९ मध्ये व्हाइटफील्डने आग्रह केला म्हणून तो ब्रिस्टलला उघड्यावर उपदेश करायला उभा राहिला. पण जिथे पुन्हा जाऊन काम सांभाळता येणार नाही तिथे पहिला घावही घालायचा नाही, असं तो ठरवून होता. त्याचे छोटे गट सुरू झाले ते १७४२ मध्ये, तेही इमारतीच्या कर्जापायी. बारा-बारा माणसं एकाकडे सोपवायची आणि त्याने आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची, अशी ती योजना होती. गोळा करणारा घरोघर गेला तेव्हा त्याला दिसलं की कोण दारू पितोय, कोणाचं घरात भांडण आहे, कोण खचलाय. पैशासाठी सुरू झालेली फेरी माणसं जपायची फेरी झाली. मला हा प्रसंग फार आवडतो. ही युक्ती प्रार्थनेत सुचली नाही, दारात उभं राहिल्यावर दिसली.

आणि मुक्ती. केडगावच्या मुक्ती सदनातलं, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या निराधार स्त्रियांच्या आश्रमातलं, १९०५ चं संजीवन आम्ही मराठी ख्रिस्ती लहानपणापासून ऐकतो; त्या जूनमध्ये मुली रडत, आपली पापं कबूल करत प्रार्थना करू लागल्या, ती हकीगत मी स्वतः पन्नास वेळा तरी सांगितली असेल. मौनात असताना ती मी सुरुवातीपासून वाचली. पंडिता रमाबाईंनी जानेवारीतच मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितलं होतं. सुरुवातीला ७० जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली होती. कोणी पाहुणा उपदेशक येऊन ती आग पेटवून गेला नव्हता. सदनात राहणाऱ्यांनीच सहा महिने रोज गुडघे टेकले होते. मी इतकी वर्षं शेवटच्या रात्रीची गोष्ट सांगत होतो, आधीच्या सहा महिन्यांची नाही.

आवाज परत आल्यावर मी आमंत्रण देणाऱ्या पाळकांना काही अटी कळवल्या. सभेआधी ६ आठवडे तुमच्या मंडळीतले थोडे का होईना, लोक ठरलेल्या वेळी प्रार्थनेला जमणार असतील तरच मी येईन. पुढे येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्याच रात्री मंडळीतल्या दोघांच्या हवाली होईल, माझ्या वहीत राहणार नाही. आजाऱ्यांसाठी प्रार्थना तुमचे वडील करतील, मी त्यांच्या मागे उभा राहीन, आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करणार नाही हे मी व्यासपीठावरून सांगेन. सभा संपल्यावर मी दोन दिवस राहणार. आणि वर्षाने परत येणार, तेव्हा सभा ठेवायची नाही.

आमंत्रणं निम्म्याहून कमी झाली. एका पाळकांनी स्पष्ट लिहिलं, की औषधांची घोषणा केली तर लोकांचा विश्वास ढळेल, त्यांना दुसरा उपदेशक बघावा लागेल. काकांनाही माझं पटलं नाही. ते तेव्हा थकले होते, बिछान्यावरच होते. म्हणाले, ‘पेरणारा वेगळा, पाणी घालणारा वेगळा, पौलानेच म्हटलंय.’ मी म्हणालो, ‘काका, तोच पौल करिंथात दीड वर्ष राहिला.’ त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरून ठेवला. आमचं त्याविषयी तेवढंच बोलणं झालं. त्यांच्याकडून शिकलेलं मी काहीच टाकून दिलं नाही. आजही माईक स्तोत्र वाचूनच तपासतो.

तर ती पहिली सकाळ. ९ वाजता मी तिथल्या पाळकांबरोबर घरोघर निघालो. रात्री ज्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता ती माणसं दिवसाच्या उजेडात वेगळी दिसत होती. हुंदके देत पुढे आलेला एक तरुण आमच्याकडे बघायलाच तयार नव्हता. त्याला लाज वाटत होती. रात्री त्याने माझ्या कानात जे सांगितलं होतं ते मला माहीत होतं, आणि आता मी त्याच्या आईसमोर बसलो होतो. मी काही बोललो नाही. पाळक त्याच्याशी त्याच्या कामाविषयी बोलत राहिले. निघताना तो दारापर्यंत आला आणि पाळकांना विचारलं, ‘रविवारी किती वाजता?’ मला नाही, पाळकांना विचारलं. ते बघून मला फार हलकं वाटलं.

दुसऱ्या घरी एक बाई म्हणाल्या, ‘काल तुम्ही म्हणालात क्षमा करा, मी केली. पण दीर आता दारात आला तर त्याला आत घ्यायचं का?’ त्या दिराने त्यांचा जमिनीचा वाटा लाटला होता. क्षमेवरचा माझा उपदेश ४० मिनिटांचा होता, शंभरेक वेळा दिलेला, आणि त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उत्तराला दोन तास लागले. बोलल्या बहुतेक पाळकांच्या पत्नीच. क्षमा केली म्हणून वाटा सोडून द्यायला हवा असं नाही, तलाठ्याकडे जा, मी बरोबर येते, असं त्या म्हणाल्या. मी ऐकत होतो. तो उपदेश आता मी वेगळा देतो.

वर्षाने परत गेलो तेव्हा लिहून घेतलेल्या ४३ नावांपैकी ११ जण उपासनेला येत होते. तो तरुण त्यांत होता. त्या बाई नव्हत्या. त्या गाव सोडून लेकीकडे गेल्या होत्या, पण पाळकांच्या पत्नीला त्यांचा पत्ता माहीत होता. ११ हा आकडा मी प्रार्थनापत्रात जसाच्या तसा लिहिला.

त्या गृहस्थांकडे मी दर वर्षी जातो. ते आता काठीच्या आधाराने दारापर्यंत येतात. बोलणं बरंच सुधारलंय. पहिली दोन वर्षं मी फक्त स्तोत्र वाचून निघायचो. त्यांच्यासाठी बरं होण्याची प्रार्थना करायला माझी जीभ उचलत नव्हती. तिसऱ्या वर्षी त्यांनीच अडवलं. म्हणाले, ‘भाऊ, प्रार्थना न करता का जाता?’ खिडकीत बायबलशेजारी गोळ्यांची डबी होती. त्यांच्या पत्नीने घड्याळात पाहिलं, डबी उघडली, गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने गोळी घेतली, गिळली, पेला परत दिला. मग आम्ही तिघांनी डोळे मिटले.